पाळणाघराची श्रेणी : पालकांनी ती कशी वाचावी?

१ जुलै २०२५ रोजी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी एक वृत्त जाहीर केले आणि मेलबर्न शहरातील असंख्य घरांची झोप उडाली. बालसंगोपन केंद्रांत काम करणाऱ्या एका तरुणावर अगदी लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारांसंबंधी सत्तरहून अधिक आरोप ठेवण्यात आले होते. २०१७ पासून त्याने वीस केंद्रांत नोकरी केली होती. खबरदारीचा उपाय म्हणून सुमारे बाराशे मुलांची संसर्गजन्य रोगांसाठी तपासणी करून घ्यावी, असे पालकांना कळविण्यात आले. मेलबर्न आणि सिडनी येथे महाराष्ट्रातून गेलेली अनेक कुटुंबे राहतात. आईवडील दोघेही नोकरी करतात आणि दीड-दोन वर्षांचे मूल दिवसभर केंद्रात असते. इकडे आपल्या गावी बसलेल्या आजी-आजोबांनाही त्या बातमीने स्वस्थता लाभली नसेल.

ही घटना आणखी एका कारणासाठी विचारात घेण्याजोगी आहे. बालसंगोपन केंद्रांना गुणवत्तेची श्रेणी देण्याची जगातील सर्वांत सविस्तर व्यवस्थांपैकी एक ऑस्ट्रेलियात आहे. तेथील केंद्राने आपली श्रेणी प्रवेशद्वाराजवळ लावलीच पाहिजे, असा कायदा आहे. पालक मुलाचा हात धरून आत जातात तेव्हा ती पाटी त्यांच्या डोळ्यांसमोर असते. मग त्या पाटीचा उपयोग तरी काय, असा प्रश्न तिकडच्या वृत्तपत्रांनी आणि संसद सदस्यांनी विचारला, आणि तो रास्त होता.

आमच्या मते पाटीचा उपयोग आहे आणि तो थोडाथोडका नाही. परंतु ती एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर देते. पालक मात्र तिच्याकडून भलत्याच प्रश्नाचे उत्तर घेऊन घरी जातात. हा घोटाळा कोठे होतो ते नीट समजून घेतले, तर ज्यांच्या परिसरात अशी कोणतीच पाटी नाही त्या आपल्या येथील पालकांनाही त्यातून काही हाती लागेल.

प्रथम, श्रेणीची गरज का भासावी? भाजी घ्यायला गेलेली गृहिणी वांगे हातात घेऊन पाहते, मासळी घेताना कल्ला उघडून पाहते. घरी नेल्यावर माल खराब निघाला तर दुसऱ्या दिवशी त्या विक्रेत्याकडे जात नाही. पाळणाघराच्या बाबतीत यांपैकी काहीच शक्य नाही. सेवा ज्याला मिळते ते मूल बोलू शकत नाही आणि पैसे देणारे आईवडील ती सेवा पाहू शकत नाहीत. सकाळी सोडताना दहा मिनिटे आणि संध्याकाळी नेताना दहा मिनिटे, एवढाच त्यांचा त्या जागेशी संबंध. मधले आठ-नऊ तास बंद दाराआडचे. मूल रडले तर कोणी उचलले, दुपारी लंगोट किती वेळ ओला राहिला, जेवताना घाई झाली का, हे सारे त्या आठ-नऊ तासांत घडते.

विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला ठाऊक नाही अशा बाजाराचे काय होते, ते अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखविले होते. अशा बाजारात चांगला माल मागे पडतो, कारण त्याची जास्त किंमत द्यायला कोणी तयार होत नाही. ह्या विचारासाठी २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पाळणाघर म्हणजे मोटार नव्हे हे खरे. परंतु जे पाळणाघर अनुभवी शिक्षिकेला बरा पगार देते आणि म्हणून अधिक शुल्क घेते, त्याची अडचण हीच आहे. त्याचे जास्तीचे पैसे कोठे खर्च होतात ते पालकांना दिसत नाही.

पालकांना दिसत नाही असे म्हटले की काही जण रागावतात. आईला कळत नाही तर कोणाला कळेल, असे ते म्हणतात. ह्यावर अमेरिकेत प्रत्यक्ष अभ्यास झालेला आहे. डेबी क्रायर आणि मार्गारेट बर्चिनल ह्या दोन अभ्यासिकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, पालकांनी आपल्या मुलाच्या वर्गाला दिलेले गुण हे प्रशिक्षित निरीक्षकांनी त्याच वर्गाला दिलेल्या गुणांपेक्षा बरेच अधिक होते. पालकांना चांगले काय ते कळत नव्हते असे नाही; सुरक्षितता, माया, स्वच्छता ह्या गोष्टी त्यांनाही निरीक्षकांइतक्याच महत्त्वाच्या वाटत होत्या. त्या आपल्या मुलाला मिळत आहेत की नाहीत, हे मात्र त्यांना नीट पारखता आले नाही. ह्यात मानवी स्वभावाचाही भाग आहे. ज्या जागेवर आपण रोज सकाळी आपले लेकरू ठेवून येतो ती जागा वाईट आहे असे मानले, तर ऑफिसात मन कसे लागेल?

नाजी मोकान ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये सुमारे चारशे केंद्रांची माहिती अभ्यासून आणखी एक विलक्षण गोष्ट नोंदविली. ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या ज्या केंद्रांचा स्वागतकक्ष फार लखलखीत होता, त्यांची न दिसणाऱ्या बाबींतील गुणवत्ता कमी असण्याकडे कल होता. पालकांची नजर कोठे पडते हे ओळखून तेवढेच चकचकीत ठेवले जात असावे, असा त्याचा अर्थ. ही केंद्रे ना-नफा होती, हे आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो. संस्था सेवाभावी आहे, धर्मादाय आहे, किंबहुना धर्मभगिनी चालवितात, एवढ्याने तपासणीची गरज संपते असे आपल्या लोकांना वाटते. ते बरोबर नाही.

बंद दाराआड जाण्याचा अधिकार असलेला, काय पाहायचे ते शिकलेला आणि पालकांच्या वतीने पाहून आलेला कोणीतरी तिऱ्हाईत माणूस हवा. श्रेणी म्हणजे त्या तिऱ्हाइताने लिहिलेला अहवाल. अमेरिकेत १९९८ मध्ये ओक्लाहोमा राज्याने केंद्रांना तारे देण्यास आरंभ केला. नंतर नॉर्थ कॅरोलायना आणि इतर राज्यांनी तोच मार्ग धरला. इंग्लंडमध्ये २००१ पासून ‘ऑफस्टेड’ ही शाळा तपासणारी सरकारी यंत्रणाच पाळणाघरेही तपासू लागली. ऑस्ट्रेलियाने १ जानेवारी २०१२ पासून संपूर्ण देशासाठी एकच मानक लागू केले.

ऑस्ट्रेलियाची पद्धत थोडी तपशिलात पाहू, कारण ती ज्यांना लागू आहे असे आपले अनेक आप्तेष्ट तिकडे आहेत. निरीक्षक राज्य सरकारचे असतात. ते केंद्रात प्रत्यक्ष बसून पाहतात, कर्मचाऱ्यांशी बोलतात आणि कागदपत्रे तपासतात. केंद्राकडे ते सात बाजूंनी पाहतात. मुलांना दिवसभरात काय करायला मिळते ही पहिली बाजू. नंतर आरोग्य व सुरक्षितता, जागा व साधने, कर्मचाऱ्यांची संख्या व पात्रता, मुलांशी असलेले नाते, पालक व परिसराशी असलेले संबंध आणि शेवटी व्यवस्थापन. प्रत्येक बाजूला स्वतंत्र श्रेणी मिळते आणि त्या सातांवरून केंद्राची एकंदर श्रेणी ठरते. मानकाकडे वाटचाल करणारे, मानक गाठलेले आणि मानकाच्या पुढे गेलेले अशा तीन पायऱ्या बहुतेकांना ओळखीच्या असतात. त्यांच्या खाली ‘तातडीने मोठी सुधारणा आवश्यक’ अशा अर्थाची एक पायरी आहे आणि सर्वांत वर, स्वतःहून अर्ज करणाऱ्या थोड्या केंद्रांना राष्ट्रीय प्राधिकरण देते ती ‘उत्कृष्ट’ श्रेणी.

सात बाजूंपैकी एकीतही केंद्र कमी पडले तरी त्याची एकंदर श्रेणी ‘वाटचाल करणारे’ अशीच राहते. म्हणजे सहा विषयांत पास आणि एकात नापास झालेला विद्यार्थी जसा नापास, तसेच हे. उलट ‘पुढे गेलेले’ म्हणविण्यासाठी किमान चार बाजूंत पुढे असावे लागते आणि त्या चारांपैकी निदान दोन बाजू शिक्षणक्रम, मुलांशी नाते, पालकांशी संबंध व व्यवस्थापन ह्या चौकडीतल्या असाव्या लागतात. इमारत भव्य आहे, खेळणी महाग आहेत, एवढ्यावर सर्वांत वरच्या रांगेत बसता येत नाही. हा नियम ज्यांनी केला त्यांना लहान मुले ठाऊक होती, असे आम्हांस वाटते.

आता पालकांचा प्रश्न. एका केंद्राची श्रेणी ‘वाटचाल करणारे’ आणि दुसऱ्याची ‘मानक गाठलेले’. पहिले सोडून दुसरे घ्यावे का? केवळ पाटी वाचणारा पालक तसेच करील. परंतु पहिल्याची एक बाजू कोठे कमी पडली ते पाहिल्यावाचून निर्णय घेणे घाईचे ठरेल. कागदपत्रे लिहून ठेवण्यात ढिलाई झाली असेल तर ती एक गोष्ट. मुलांवर लक्ष ठेवण्यात ढिलाई झाली असेल तर ती अगदी निराळी गोष्ट. दोन्ही केंद्रांच्या दारावर अक्षरे तीच. सातही बाजूंच्या स्वतंत्र श्रेणी ‘स्टार्टिंग ब्लॉक्स’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर उघड असतात आणि तेथे शुल्कही दिसते. त्या देशातील दहांपैकी सुमारे नऊ केंद्रे मानक गाठलेली किंवा त्यापुढची आहेत. जेथे दहांतले नऊ उत्तीर्ण होतात तेथे ‘उत्तीर्ण’ ह्या शब्दाने निवड करता येत नाही. निवडीला उपयोगी पडतात ते त्या शब्दामागचे सात आकडे.

आणि आठवी गोष्ट म्हणजे तारीख. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात दोन तपासण्यांमधील दीर्घ अंतराबद्दल नापसंती व्यक्त केली होती. पाळणाघरात माणसे बदलत राहतात. चार वर्षांपूर्वी ज्या शिक्षिकेच्या बळावर श्रेणी मिळाली ती शिक्षिका कदाचित दुसऱ्या शहरात असेल, मालकही बदलला असेल. ज्या मुलांना निरीक्षकाने पाहिले ती आता शाळेत दुसरी-तिसरीत असतील. तरीही पाटी तीच. औषधाच्या बाटलीवरील मुदत वाचणारी माणसे पाटीवरची तारीख वाचत नाहीत.

मग श्रेणी दिल्याने प्रत्यक्षात काही फरक पडतो का? ह्याचे एक चांगले उत्तर नॉर्थ कॅरोलायनातून मिळते. तेथे एक ते पाच तारे दिले जातात. डॅफ्ना बॅसॉक, थॉमस डी आणि स्कॉट लॅथम ह्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अगदी थोडक्या गुणांनी वरचा तारा हुकलेली केंद्रे आणि अगदी थोडक्या गुणांनी तो मिळविलेली केंद्रे यांची तुलना केली. वस्तुतः दोन्ही गटांच्या गुणवत्तेत तपासणीच्या वेळी फरक जवळजवळ नव्हता. फरक होता तो पाटीवर. पुढे असे दिसले की ज्यांचा तारा हुकला त्यांच्याकडील पटसंख्या तुलनेने घटली आणि त्यांनी आपली गुणवत्ता तुलनेने अधिक सुधारली. आसपास दुसरी केंद्रे जेथे अधिक होती तेथे हा परिणाम अधिक ठळक होता.

ह्याचा अर्थ दुहेरी आहे. पालक पाटी वाचतात आणि त्याची झळ केंद्रांना लागते, ही आनंदाची बाजू. परंतु झळ लागण्यासाठी शेजारी दुसरे केंद्र असावे लागते. मेलबर्नच्याच मिचेल इन्स्टिट्यूटने २०२२ मध्ये दाखविले होते की ऑस्ट्रेलियातील सुमारे ३५ टक्के लोक अशा वस्त्यांत राहतात जेथे एका जागेसाठी तीन किंवा त्याहून अधिक मुले आहेत. तेथे श्रेणी पाहून निवडायचे म्हणजे उपाशी माणसाने खानावळीची पाटी वाचण्यासारखे. प्रतीक्षायादीत नाव लागले की जे मिळेल ते घ्यायचे. गरीब आणि दूरच्या वस्त्यांतील कुटुंबांच्या वाट्याला हे अधिक येते. निवडीचे सर्व तत्त्वज्ञान मुळात ज्यांना निवड आहे त्यांच्यासाठी असते, ही गोष्ट अशा चर्चांत फार लवकर विसरली जाते.

दुसरी मर्यादा अधिक खोलवरची आहे. ‘सायन्स’ ह्या प्रतिष्ठित नियतकालिकात २०१३ मध्ये अमेरिकेतील नऊ राज्यांच्या पूर्वप्राथमिक वर्गांवरील एक अभ्यास आला. श्रेणी ठरविताना कर्मचाऱ्यांच्या पदव्या, मुलांमागे शिक्षकांची संख्या, जागा, साधने, पालकांशी संबंध अशा अनेक बाबींचे गुण एकत्र केले जातात. ह्या एकत्रित गुणांवरून मुले पुढे काय शिकली ह्याचा अंदाज फारसा बांधता आला नाही. एकाच घटकावरून तो बऱ्यापैकी बांधता आला आणि तो म्हणजे शिक्षिकेचा मुलांशी होणारा व्यवहार. ती मुलाशी कशी बोलते, त्याचे ऐकते का, ते चिडले असता काय करते. आपल्या आजीला हे कोणत्याही अभ्यासावाचून माहीत होते असे कोणी म्हणेल. खरे आहे, परंतु आजी एकाच घरातले मूल पाहत होती. हजारो केंद्रांतील हा व्यवहार मोजायचा तर निरीक्षकाला तासन्‌तास बसून पाहावे लागते आणि त्याला पैसा लागतो. पदवीचा कागद पाहायला एक मिनिट पुरते. सरकारे सोपे आणि स्वस्त ते मोजू लागतात, आणि जे मोजले जाते त्याकडेच केंद्रे लक्ष देऊ लागतात.

एका शब्दात श्रेणी देण्याचे दुष्परिणाम इंग्लंडने सोसले. ‘उत्कृष्ट’, ‘चांगले’, ‘सुधारणा आवश्यक’ आणि ‘अपुरे’ असे चारच शब्द तेथे होते. जानेवारी २०२३ मध्ये रेडिंग येथील एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका रूथ पेरी ह्यांनी जीवन संपविले. त्यांची शाळा ‘उत्कृष्ट’वरून थेट ‘अपुरे’वर उतरविली जाणार होती. तपासणीचा त्यांच्या मृत्यूस हातभार लागला, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये काढला. त्यानंतर २०२४ च्या सप्टेंबरपासून सरकारी शाळांसाठी एकशब्दी श्रेणी रद्द झाली आणि नोव्हेंबर २०२५ पासून शाळांबरोबरच पाळणाघरांसाठीही नव्या स्वरूपाचे प्रगतिपुस्तक आले. त्यात निरनिराळ्या विषयांना पाच पायऱ्यांवर स्वतंत्र शेरे असतात आणि मुलांची सुरक्षितता हा विषय वेगळा काढून तेथे केवळ ‘निकष पूर्ण’ किंवा ‘निकष पूर्ण नाही’ एवढेच लिहितात.

हा शेवटचा बदल आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. सुरक्षिततेला पायऱ्या नसतात. ‘मानकाकडे वाटचाल करणारी सुरक्षितता’ असे काही असू शकत नाही. मूल सुरक्षित आहे किंवा नाही. मेलबर्नच्या प्रकरणानंतर जो गोंधळ माजला तो येथेच होता. शिक्षणाची गुणवत्ता सांगणाऱ्या पाटीकडे पालकांनी आपल्या मुलाच्या रक्षणाची हमी म्हणून पाहिले. तसे पाहण्यात त्यांचा दोष नाही, कारण त्यांच्यापुढे दुसरी पाटीच नव्हती. परंतु काही दिवस येऊन वर्गाचे निरीक्षण करणारा अधिकारी, वाईट हेतू मनात लपवून वावरणाऱ्या माणसाला ओळखू शकत नाही. ते काम नोकरीपूर्व चौकशीचे, एका केंद्रातील तक्रार दुसऱ्या केंद्राला कळविणाऱ्या नोंदवहीचे, आणि एकट्या प्रौढाला मुलाबरोबर नजरेआड राहू न देणाऱ्या नियमांचे आहे. ऑस्ट्रेलियाने नंतर हीच दिशा धरली. अत्याचाराचा आरोप झाल्यास तो सात दिवसांऐवजी चोवीस तासांच्या आत कळविण्याचे बंधन सप्टेंबर २०२५ पासून आले. त्यापूर्वी जुलैअखेर संसदेने कायदा करून सुरक्षिततेचे नियम न पाळणाऱ्या केंद्रांचे सरकारी अनुदान रोखण्याचा अधिकार सरकारला दिला. त्या देशात पालकांच्या शुल्काचा मोठा भाग अनुदानातून भरला जातो, म्हणून ही शिक्षा पाटीवरच्या शब्दापेक्षा केंद्रचालकांना अधिक बोचणारी आहे.

आता आपल्याकडे वळू. बाप्तिस्म्याच्या तयारीसाठी येणारी तरुण जोडपी हल्ली आम्हांला एक प्रश्न हमखास विचारतात : “फादर, बाळासाठी चांगले पाळणाघर कोणते?” पूर्वी हा प्रश्न नव्हता. घरात आजी होती, वाडीत काकी होती, शेजारची मोठी मुलगी होती. आता सून सकाळची लोकल पकडून चर्चगेटला जाते, सासूचे गुडघे दुखतात आणि शेजारच्या इमारतीत कोण राहते ते ठाऊक नसते. पालक दारावर वाचून निर्णय घेऊ शकतील अशी कोणतीही श्रेणी आपल्या पाळणाघरांना नाही. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, भिंतीवर मिकी माउस आणि एक मोबाईल क्रमांक, एवढ्यावर पाळणाघर सुरू होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला सांभाळणाऱ्या बाईने अमानुष मारहाण केल्याचे सीसीटीव्हीच्या चित्रणावरून उघडकीस आले, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. संताप काही आठवडे टिकला.

कायदा अगदीच नाही असे नव्हे. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक केली. केंद्र सरकारच्या ‘पालना’ योजनेखाली चालणाऱ्या पाळणाघरांत पंचवीस मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस अशी रचना आहे. ऑस्ट्रेलियात दोन वर्षांखालील दर चार मुलांमागे एक प्रौढ लागतो. ही तुलना आम्ही आपल्या सेविकांना कमी लेखण्यासाठी करीत नाही. उलट, दोघींनी पंचवीस मुले सांभाळायची आणि वर नोंदवह्याही भरायच्या, हे त्यांच्यावर किती ओझे आहे ते कळावे म्हणून करतो.

तर मग आपल्याकडेही तारे द्यावेत काय? द्यावेत, परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवून. पहिली गोष्ट आपल्याला उच्च शिक्षणाने शिकविली आहे. महाविद्यालयांना श्रेणी देणारी ‘नॅक’ ही संस्था १९९४ पासून आहे. समिती येणार म्हणून भिंती रंगविणे, कुंड्या भाड्याने आणणे हे प्रकार प्राध्यापक मंडळींनी पाहिले आहेत. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तर नॅकच्या तपासणी समितीच्या सदस्यांना लाचखोरीच्या आरोपाखाली सीबीआयने अटक केली. श्रेणी देणाऱ्याची तपासणी कोण करणार, ह्याचे उत्तर मिळण्यापूर्वी पाट्या वाटू नयेत.

दुसरी गोष्ट आपल्या परिसराने शिकविली आहे. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि नंतर १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ ह्यांना सोबत घेऊन आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, पाने हीच खेळणी. आज देशभर रूढ झालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच आला. खोलीचे चौरस फूट आणि आयात केलेली खेळणी मोजणाऱ्या निरीक्षकाने त्या अंगणाला एकही तारा दिला नसता. श्रेणी करायचीच तर ती अशी असावी की ज्यात कोसबाडचे अंगण पहिले येऊ शकेल आणि चकचकीत स्वागतकक्ष शेवटचा.

तोपर्यंत पालकांनी तिऱ्हाईत निरीक्षकाचे काम थोडेफार स्वतःच करावे लागेल. त्या सात बाजूंचे प्रश्न विचारायला सरकारी परवानगी लागत नाही. जाहिरातीतली वेळ सोडून दुपारी बारा वाजता, जेवणाच्या गडबडीत, न कळविता जावे. आत येऊ दिले जात नसेल तर तेथेच निर्णय झाला असे समजावे. आत गेल्यावर भिंतींकडे न पाहता सर्वांत लहान रडणाऱ्या मुलाकडे पाहावे आणि त्याच्याकडे कोण, किती वेळाने जाते ते मनात मोजावे. सांभाळणारी मावशी मुलाशी बोलताना त्याच्या उंचीला वाकते का, की त्याच्या डोक्यावरून दुसऱ्या मावशीशी बोलते? गेल्या वर्षभरात किती मावश्या सोडून गेल्या? हा प्रश्न थोडा अवघड वाटतो, परंतु तो विचारावाच. जेथे दर दोन महिन्यांनी नवा चेहरा येतो तेथे मुलाला कोणाशीच नाते जोडता येत नाही. मावशीचा पगार किती, हेही विचारायला हरकत नाही. तिची पोलीस पडताळणी झाली आहे का आणि मुलांबरोबर एकट्या माणसाला ठेवत नाहीत ना, हे तर आधीच विचारायचे. ह्या प्रश्नांनी रागावणारा चालक आणि ‘बरे झाले विचारलेत’ म्हणणारा चालक, ह्यांत फरक कळायला निरीक्षक लागत नाही.

ज्या धर्मग्रामांत आपल्या धर्मभगिनी वा महिला मंडळे पाळणाघर चालवितात, त्यांनी ह्यात पुढाकार घ्यावा असे आम्ही सुचवितो. पालकांपैकी दोघे, परिसरातील एक निवृत्त शिक्षिका आणि एक परिचारिका अशा चौघांना वर्षातून दोनदा दिवसभर बसून पाहू द्यावे आणि त्यांनी लिहिलेला कागद, तारखेसह, दारावर लावावा. त्यात उणिवा असतील तर त्याही लावाव्यात.

आणि ज्या भगिनी पन्नासाहून अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात काम करतात त्यांच्यासाठी एक माहिती. २०१७ च्या त्याच कायद्याने आईला कामाच्या वेळात दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन मुलाला भेटण्याचा हक्क दिला. विश्रांतीच्या वेळेतील भेट त्या चारांतच धरली जाते. स्त्री कर्मचाऱ्याची नेमणूक होताच हे सर्व लाभ तिला लेखी कळविणे त्या कायद्याने मालकावर बंधनकारक केले होते. आपल्या नेमणूकपत्रासोबत तो कागद आला होता का, ते एकदा पाहावे.